लळा

गेल्या महिन्यात मामेबहिणीचं डोहाळेजेवण झालं. नौपाड्यातला छोटा हॉल, झेंडूच्या माळा गुंडाळलेला झोपाळा, त्यावर फुलांचे दागिने घालून बसलेली ती. ओटी भरून झाली, वाट्या उघडून झाल्या, पेढा की बर्फी यावरून दोन्हीकडच्या मंडळींचा मनसोक्त आरडाओरडा झाला. मग तिच्या नणंदेने माईक हातात घेतला आणि जाहीर केलं की आता सगळ्या आयांनी एकेका वाक्यात सांगायचं, बाळाला पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हा काय वाटलं. माईक फिरायला लागला. कुणी म्हणालं, सगळ्या कळा विसरले. कुणी म्हणालं, जन्माचं सार्थक झालं. एका काकूंना बोलता बोलता भरून आलं. त्यांचा मुलगा पस्तिशीचा आहे आणि त्या वेळी हॉलच्या दारात केटररशी हिशेब करत उभा होता. माझ्यापर्यंत माईक आला तशी बहीण झोपाळ्यावरून थोडी पुढे सरकली. दहावीनंतर कुठली शाखा घ्यायची इथपासून लग्नातला शालू कुठल्या रंगाचा इथपर्यंत सगळं ती मला विचारत आली आहे. "ताई, तू सांग," ती म्हणाली. मी म्हणाले, "शब्दात नाही सांगता येत गं." हॉलभर "अगदी, अगदी" असा सूर उमटला आणि माईक पुढे गेला.

तेव्हापासून ते वाक्य घशाशी अडकून बसलंय.

त्या रात्री रिक्षाने कासारवडवलीला परतताना माजिवडा नाक्यावर अर्धा तास अडकलो होतो. लेक मांडीवर डोकं टाकून झोपली होती. आठ वर्षांची आहे आता, पाय रिक्षाच्या बाहेर जातात. हातात कुणीतरी दिलेला पेढा घट्ट धरलेला, त्याचा चिकटा माझ्या साडीला लागलेला. मी तिच्या तळव्यातून तो पेढा सोडवत होते आणि मनात सारखं येत होतं की बहीण झोपाळ्यावरून विश्वासाने पुढे झुकली होती, आणि मी तिला तेच दिलं जे मलाही दिलं गेलं होतं.

जुलै 2017. पहिलटकरीण म्हणून माहेरी आले होते, गोखले रोडजवळच्या आमच्या जुन्या इमारतीत. कळा एकोणीस तास चालल्या आणि शेवटी सीझर करावं लागलं. ऑपरेशन थिएटरमध्ये इतकी थंडी वाजत होती की दातांवर दात आपटत होते. नर्सने बाळ माझ्या गालापाशी आणलं. "बघा, लक्ष्मी आली." मी बघितलं. ओलसर केस, कपाळावर पांढरट लेप, आवळलेल्या मुठी, रडून रडून जांभळट झालेलं तोंड. ती माझ्या गालाला लागली तेव्हा गरम लागली, एवढंच आठवतं. मी वाट बघत होते. आता येईल, आता काहीतरी भरून येईल. ठाणे स्टेशनवर उभं असताना आपल्या नसलेल्या गाडीची अनाउन्समेंट कानावर पडते, ऐकू सगळं येतं पण पाय हलत नाहीत, तसं काहीसं झालं. मग तिला घेऊन गेले. मला आधी सुटल्यासारखं वाटलं आणि पाठोपाठ त्या सुटकेची भीती वाटली.

तिसऱ्या दिवशी दूध आलं. छाती दगडासारखी झाली, ताप भरला, गाऊन ओला झाला. आई आनंदाने म्हणाली, "पान्हा फुटला हो!" हा शब्द मी जन्मभर ऐकत आले होते. गाय वासराला बघून पान्हावते, आईला लेकराच्या रडण्याने पान्हा फुटतो. आपल्या भाषेत दूध आणि माया यांना वेगवेगळं ठेवलेलंच नाही, एकाच शब्दात दोन्ही वाहतात. म्हणून तर मी गोंधळले. दूध वाहत होतं, दुपट्यावर डाग पडत होते, आणि ज्या गोष्टीची ही खूण म्हणून सांगितली होती ती गोष्ट कुठेच नव्हती. बाळ रडलं की दूध यायचं, पण पोटात गोळाही यायचा. तिला घ्यायला हात पुढे करण्याआधी एक क्षण मी भिंतीकडे बघून घ्यायची. तो क्षण कुणाच्या लक्षात येऊ नये म्हणून केस बांधल्यासारखं करायची.

सटवाईची रात्र तर अजून डोळ्यांसमोर आहे. शेजारच्या आजींकडून पाटा-वरवंटा आणून आईने पूजा मांडली. समोर बाबांच्या डायरीतला एक कोरा कागद फाडून ठेवला, त्यावर पेन. रात्री सटवाई येते आणि बाळाच्या कपाळी नशीब लिहून जाते. सगळे झोपले. बाळही कधी नव्हे ते सलग दोन तास झोपलं. मी मात्र टक्क जागी, त्या कागदाकडे बघत. बाहेर पत्र्यावर पाऊस कोसळत होता, समईची वात फडफडत होती. मला वाटायला लागलं की सटवाईला सगळं दिसतं, म्हणजे हेही दिसणार. ती लिहिणार, हिच्या आईला ही नकोशी आहे. पहाटे चारच्या सुमाराला पहिल्या लोकलचा आवाज आला तेव्हा मी उठून कागद हातात घेतला. कोराच होता. मी तो उलटा करूनही पाहिला.

दिवसाचं वेळापत्रक ठरलेलं होतं. सकाळी नऊला मालिशवाल्या मावशी यायच्या, लोकमान्यनगरहून बसने. आधी बाळाची टाळू भरायच्या, मग तेल-हळद लावून पायांवर आडवं घेऊन अंघोळ, मग धुरी. शेगडीवर ओवा, वावडिंग, लसणीची सालं. तो धूर त्या दोन खोल्यांत असा भरायचा की पावसात न वाळलेल्या लंगोटांना, उशांना, माझ्या केसांनासुद्धा ओव्याचा वास लागलेला असायचा. बाळाचं झालं की माझी मालिश. नंतर अळिवाची खीर, डिंकाचा लाडू, पानात बाळंतशेपा. मला सगळ्याची चव खडूसारखी लागायची. दुपारी भेटायला बायका यायच्या, बाळंतविडा घेऊन. नाक कुणाचं, हनुवटी कुणाची, यावर चर्चा व्हायची. "तुमची मजा आहे बाई, सव्वीस आठवडे सुट्टी," असं हमखास कुणीतरी म्हणायचं. त्याच वर्षी एप्रिलपासून बाळंतपणाची पगारी रजा 12 आठवड्यांवरून 26 आठवडे झाली होती. माझ्या ऑफिसात त्याचा फायदा मिळालेली मी पहिलीच. आणि मी मनातल्या मनात उलटी मोजणी करायची की अजून बावीस आठवडे, अजून एकवीस. कुणाला सांगणार हे? ज्या रजेसाठी इतक्या बायका इतकी वर्षं भांडल्या, ती मला कोठडीतल्या दिवसांसारखी वाटत होती.

झोप अशी नव्हतीच. बाळ झोपलं तरी माझे कान तिच्या श्वासाला लागलेले. भूक नाही, रडू मात्र कधीही. आणि डोक्यात चित्रं यायला लागली होती. मागून कुणी स्लाइड सरकवावी तशी, मी बोलावलेली नसताना. चौथ्या आठवड्यात एका सकाळी मी आईला म्हणाले, "विळी उचलून वर ठेव." आई फणसाच्या आठळ्या सोलत होती, हसून म्हणाली, "अगं, रांगायला अजून सहा महिने आहेत!" मी काही बोलले नाही. मला ती विळी बाळापासून लांब नको होती, माझ्यापासून लांब हवी होती. मी काहीही करणार नव्हते. पण नुसतं ते चित्र डोळ्यांपुढे येत होतं आणि ज्या बाईच्या डोळ्यांपुढे असलं चित्र येतं ती बाई कसली असेल, या विचाराने मी दिवसेंदिवस थिजत चालले होते. आईने विळी फडताळावर ठेवली. मी दोन दिवस स्वयंपाकघरात गेलेच नाही.

निघून जावं असंही वाटायचं. मरावं असं स्पष्ट नाही, पण नसावं असं. ठाणे स्टेशनवरून कसारा लोकल पकडायची, खिडकीशी बसायचं आणि शेवटपर्यंत जायचं. कसाऱ्याला उतरून पुढे काय, याचा विचारच केलेला नव्हता. रोज दुपारी तीनच्या सुमाराला मी ही लोकल पकडायची, पलंगावर पडल्या पडल्या.

नवरा शनिवार-रविवारी यायचा. तो आला की मी छान वागायची. त्याने बाळाला घेतलं की त्याचा चेहरा असा उजळायचा की मला माझ्याच घरात उपरं वाटायचं. तेव्हाचे फोटो आहेत त्याच्या फोनमध्ये. एका फोटोत मी बाळाला दोन्ही हातांवर धरलंय, अंगापासून जरा लांब. देवापुढे ताम्हण धरावं तसं.

आणि मग ओळखलं कुणी, तर मावशींनी. डॉक्टर तोवर दोनदा तपासून गेले होते. टाके सुकलेत, दूध आहे, बाळाचं वजन वाढतंय, छान. मी "रडू येतं" म्हटलं तर उत्तर मिळालं, "होतं सगळ्यांना." मावशी मात्र आठवी शिकलेल्या आणि शेकड्यांनी बाळंतिणींना तेल लावलेल्या. त्या एका सकाळी माझ्या पोटऱ्या रगडत असताना बाहेरच्या खोलीत बाळ रडलं. त्यांनी हात थांबवला. माझ्या तोंडाकडे न बघता त्या पायांकडे बघत राहिल्या. बाळ शांत झालं, त्यांनी पुन्हा तेल घेतलं. जाताना स्वयंपाकघरात आईला हळू आवाजात सांगितलेलं मला ऐकू आलं. "वहिनी, पोरीचं अंग सैल पडत नाही. बाळ रडलं की हिचे पाय लाकडासारखे होतात. बाकीच्यांचा जीव बाळाकडं धावतो, हिचा मागं पळतोय. तेलानं नाही जायचं हे. कुणाला तरी दाखवा."

आईने आधी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. दोन दिवसांनी मावशींनी पुन्हा म्हटलं तेव्हा ती चिडली. "म्हणजे काय, हिला ठाण्याला न्यायचं?" ठाण्यात राहणाऱ्या माणसाने हे वाक्य म्हणावं, तर त्याचा अर्थ एकच. 1901 सालापासून इथे मनोरुग्णालय आहे आणि तेव्हापासून साऱ्या महाराष्ट्राला ठाण्याचं नाव गंमतीसाठी पुरलं आहे. कॉलेजात, ऑफिसात, लग्नाच्या बोलाचालीत, "ठाण्याची का? बरं बरं" हे मीही ऐकलंय आणि हसले आहे. त्या दिवशी आतल्या खोलीत पडून ते आईच्या तोंडून ऐकलं आणि मला कळलं की हा विनोद किती जणींच्या दारावर कडी होऊन बसला असेल. आईला मी दोष देत नाही. तिला वाटत होतं की एकदा हे नाव लागलं की पुसलं जाणार नाही. सासरी काय सांगायचं, बाळाला कुणाकडे ठेवायचं. ती मला वाचवतच होती, तिला माहीत असलेल्या तऱ्हेने. बाबा खिडकीशी पेपर वाचत बसले होते. त्यांनी पेपराची घडी घातली आणि एवढंच म्हणाले, "सहा आठवड्यांचं इंजेक्शन आहे ना शनिवारी? तिथल्या डॉक्टरांना विचारू."

बाळाच्या डॉक्टरांनी लस दिली, बाळ किंचाळलं, मी तिला उचललं नाही, आईने उचललं. डॉक्टरांनी ते पाहिलं. त्या बाळाबद्दल बोलत बोलत मधेच थांबल्या आणि मला विचारलं, "तुम्ही झोपता का?" सहा आठवड्यांत माझ्याबद्दल विचारलेला तो पहिला प्रश्न होता. मी बोलायला तोंड उघडलं आणि हुंदका आला. बाहेर रांग होती, तरी त्यांनी दार लावून घेतलं. ड्रॉवरमधून एक कागद काढून दिला. दहा प्रश्न, प्रत्येकाला चार उत्तरं, गेल्या सात दिवसांत कसं वाटलं ते सांगायचं. एडिंबरा स्केल म्हणतात त्याला. 1987 मध्ये ब्रिटनमध्ये बनवली आणि आज जगभर वापरतात. पहिला प्रश्न हसू येण्याबद्दलचा, दहावा स्वतःला इजा करून घेण्याच्या विचाराबद्दलचा. पहिल्याच प्रश्नावर मी कितीतरी वेळ पेन धरून बसले. कागदाची खालची कड ओली झाली होती, माझ्या ओढणीवर दुधाचा डाग होता, त्याची. तीसपैकी माझे एकोणीस झाले. आयुष्यात कुठल्याही परीक्षेच्या गुणांनी मला इतका धीर दिलेला नाही. म्हणजे हे मोजता येतं. म्हणजे याचा कागद छापलेला आहे, आणि माझ्याआधी कुणीतरी तो भरलेला आहे.

त्यांनी ज्या मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं त्यांचा दवाखाना राम मारुती रोडच्या एका गल्लीत पहिल्या मजल्यावर होता. खाली मिठाईचं दुकान, जिन्यात तुपाचा वास. बाबा बाळाला मांडीवर घेऊन बाहेर बाकावर बसले. तिथे कुणी मला वेडी म्हणालं नाही, आणि आई म्हणून नापासही केलं नाही. आधी रक्त तपासलं, हिमोग्लोबिन आणि थायरॉइड, कारण बाळंतपणानंतर थायरॉइड बिघडलं तरी असंच होऊ शकतं. माझं थायरॉइड ठीक होतं. मग त्यांनी समजावून सांगितलं. नऊ महिने इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन ही हार्मोन्स वाढत वाढत जातात आणि वार बाहेर पडल्यावर काही दिवसांत दोन्ही कड्यावरून कोसळल्यासारखी खाली येतात. पहिल्या काही दिवसांतलं रडू बहुतेकींना येतं आणि दोन आठवड्यांत ओसरतं. ओसरलं नाही, उलट वाढलं, तर तो आजार, बाळंतपणानंतरचं नैराश्य. मी विळीचं सांगितलं. ते सांगताना माझा आवाज इतका बारीक झाला होता की त्यांना पुढे वाकावं लागलं. त्या म्हणाल्या, नको असलेले असे विचार या आजारात पुष्कळ जणींना येतात, लाजेने कुणी बोलत नाही. "तुम्हाला त्याची भीती वाटते आणि तुम्ही विळी वर ठेवायला सांगितलीत, हे मी लिहून घेतेय." ज्यात आईला ते विचार खरे वाटू लागतात, भास होतात, तो आजार वेगळा आणि फार क्वचित होणारा, आणि त्यात क्षणभरही थांबायचं नसतं, हेही सांगितलं. गोळी सुरू केली, सर्ट्रालीन. दुधातून अगदी थोडी उतरते, पाजणं थांबवायची गरज नाही, परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे लागतील. आणि औषधाच्या चिठ्ठीवर गोळीच्या वरती लिहिलं, रात्री सलग पाच तास झोप. ते वाचून नवऱ्याने एक महिना घरून काम मागून घेतलं आणि रात्रीची एक बाटली त्याने अंगावर घेतली.

खूप नंतर, बरी झाल्यावर, मी याबद्दल वाचत गेले. लेक जन्मली त्याच 2017 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या बुलेटिनमध्ये भारतातल्या 38 अभ्यासांचा एकत्र आढावा छापून आला होता. वीस हजारांहून जास्त आया. त्यांतल्या 22 टक्के बायकांना बाळंतपणानंतरचं हे नैराश्य होतं. मी आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडले होते तेव्हा. आता त्या दिवशीचा हॉल आठवते. माईक साधारण चाळीस जणींच्या हातून गेला. त्या हिशेबाने आठ-नऊ जणी तरी माझ्यासारख्या असायला हव्यात. एकीच्याही तोंडून वेगळं वाक्य आलं नाही. "जन्माचं सार्थक" म्हणताना जिने पटकन माईक पुढे ढकलला, तिच्याकडे मी नीट बघायला हवं होतं.

गोळीने माया येत नाही. लोकांना वाटतं गोळी घेतली आणि झालं. गोळीने एवढंच झालं की मान पाण्याच्या वर आली. तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी मला भूक लागली, वरण-भाताचा वास वासासारखा आला. कसारा लोकल एक दिवस चुकली, मग दोन दिवस. बाळ रडलं तर पोटातला गोळा यायचा, पण उठेपर्यंत विरायचा. आणि नंतर, अकराव्या की बाराव्या आठवड्यात असेल, मी तिला पाजत होते. पाऊस संपत आला होता, खिडकीतून तिरपं ऊन तिच्या कानावर पडलं होतं. डावा कान, वरची पाळी किंचित दुमडलेली, उन्हात लालसर पारदर्शक दिसणारी. त्या दुमडीत तेल आणि दुधाचा पांढरट मळ साचला होता. माझ्या मनात आलं, मावशी कानामागे नीट पुसत नाहीत, उद्या सांगायला हवं. मी पदराचं टोक जिभेने ओलं करून ते पुसलं. ती चोखायची थांबली, डोळे उघडून माझ्याकडे बघितलं, पुन्हा चोखायला लागली. बस. वीज चमकली नाही. पण दुसऱ्या दिवशी मावशी आल्या तेव्हा मी दारातच म्हणाले, "तिच्या कानामागे मळ राहतोय." मावशींनी पिशवी खाली ठेवली, माझ्याकडे पाहिलं आणि हसल्या. "बोलली का आईसारखं," म्हणाल्या.

त्यानंतर मी मराठीतला दुसरा शब्द शोधून काढला, किंवा तो समोर होताच, मी उचलला. लळा. लळा लागतो. मांजराच्या पिल्लाचा लागतो, शेजारच्या मुलाचा लागतो, दत्तक आणलेल्या लेकराचा लागतो. तो फुटत नाही, कोसळत नाही. सवयीने, हाताखालून गेल्याने, रोज तेच दुपटं बदलल्याने तो लागतो, आणि कधी लागला ते सांगता येत नाही. कुठल्या दिवशी लागला हे विचारायचीही पद्धत नाही. आपण हा शब्द सगळ्यांसाठी वापरतो, फक्त जन्म दिलेल्या आईसाठी वापरत नाही. तिला त्याची गरज नाही असं आपण धरून चाललो आहोत. मला होती. माझ्या लेकीचा मला लळा लागला, तीन-साडेतीन महिन्यांनी, अगदी त्या वाटेनेच. आज तो कमी पक्का आहे असं मला वाटत नाही. ताप आला की मी रात्रभर तिच्या तळव्यांवरून हात फिरवत बसते. तलावपाळीला नावेत बसली की ती एका हाताने काठ धरते आणि दुसऱ्या हाताने माझा अंगठा, अख्खा पंजा कधी धरत नाही, आणि तो अंगठा सुटू नये म्हणून मी सबंध फेरी हात हलवत नाही.

पण ते पहिले तीन महिने तिचे होते, ते मी परत आणू शकत नाही. हेही तितकंच खरं. डॉक्टर म्हणाल्या की ती कुणाच्या ना कुणाच्या हातात, मायेत होती, तिचं काही हुकलं नाही. बहुतेक तसंच असेल. ती दिलखुलास पोरगी आहे. माझं हुकलं. ती दोन आठवड्यांची असताना कशी दिसायची हे मला फोटोवरून कळतं, आठवणीतून नाही. आईला विचारलं तर ती सांगते, हसरी होती, डाव्या कुशीवर झोपायची. मी कशी होते ते ती सांगत नाही. आजही म्हणते, "तेव्हा तुझी तब्येत बरी नव्हती ना." तिच्या तोंडून आजाराचं नाव निघत नाही. विळी मात्र आठ वर्षं झाली, फडताळावरच आहे. आई आता सुरीने चिरते.

परवा अर्धा दिवस रजा टाकून खारेगावला गेले. बहीण माहेरी आली आहे, आठवा लागलाय. पलंगावर मामीच्या जुन्या मऊ साड्यांची दुपटी आणि धुतलेली झबली पसरली होती, ती घड्या घालत होती. मी शेजारी बसून घड्या घालायला लागले आणि सांगून टाकलं. मला काहीच वाटलं नव्हतं, तिथपासून. पान्ह्याचं, कोऱ्या कागदाचं, मावशींचं, दहा प्रश्नांच्या कागदाचं, गोळ्यांचं. विळीचं सांगायचं नाही असं ठरवून गेले होते, तेही सांगितलं. ती ऐकत होती आणि एकच झबलं पुन्हा पुन्हा उलगडून घडी घालत होती. त्याच्या बंदांना गाठ बसली तरी तिच्या लक्षात आलं नाही.

"मग त्या दिवशी माईकवर का नाही बोललीस?" तिने विचारलं. आवाजात राग नव्हता, पण ती खरंच विचारत होती. मी म्हणाले, "नाही जमलं. चुकलंच माझं."

थोड्या वेळाने म्हणाली, "आणि मला झालं तर मला कळेल कसं?"

"तुला कदाचित कळणारही नाही. वाटेल, मीच वाईट आहे. दोन आठवड्यांच्या पुढे रडू थांबलं नाही, झोप लागेना, बाळाकडे बघवेना, तर वाट बघायची नाही. मला फोन कर, रात्री तीनला कर. मी नाही उचलला तर हा." तिच्या फोनमध्ये मी 14416 हा टेलिमानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा, नंबर घालून दिला. दिवसरात्र चालू असतो, मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत. माझ्या वेळी हा नव्हता, 2022 च्या ऑक्टोबरात सुरू झाला. तिने नंबरापुढे काय नाव टाकायचं ते विचारलं आणि स्वतःच माझं नाव टाकून पुढे दोन असं लिहिलं.

मग ती पोटावर हात ठेवून सावकाश उठली, स्वयंपाकघराच्या दाराशी गेली आणि आत हाक मारली, "आई, गॅस बंद कर आणि इकडे ये. ताई काय सांगतेय ते तूही ऐक." मामी ओले हात पदराला पुसत बाहेर आली, माझ्या तोंडाकडे बघत पलंगाच्या कडेला टेकली. मी एक दुपटं उचललं, आणि पहिल्यापासून पुन्हा सांगायला लागले.